जामखेड : रुग्णालय वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

माळरान

सामुदायिक रुग्णालयांचा विषय निघाला की आपण फार लवकर खाटांच्या आकड्यावर येतो. वीस खाटा होत्या, शंभर झाल्या, मग अतिदक्षता विभाग आला, सीटी स्कॅन आलं. ही वाढ खोटी नाही. पण जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा इतिहास जसजसा वाचत गेलो तसतसा हा हिशेब मला अपुरा वाटायला लागला, म्हणून हा धागा काढतोय.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकलेले. सुरुवातीची काही वर्षं नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या रुग्णालयात काढली. तिथे दिसलं ते असं की, जुलाबाने कोमेजलेलं मूल सलाईन लावून बरं करायचं, घरी पाठवायचं, आणि काही दिवसांनी तेच मूल पुन्हा दारात. पाणी तेच, उपासमार तीच, मग आजारही तोच. रुग्णालय कितीही चांगलं चालवलं तरी आजाराच्या उगमापर्यंत हात पोचत नव्हता. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघं परतले आणि १९७० साली जामखेडला आले. नगर जिल्ह्याचं (आताचं अहिल्यानगर) हे टोक, बीडला लागून, पाऊस बेभरवशाचा.

येताना त्यांनी एक अट घातली होती, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. गावाने बोलावलं पाहिजे आणि जागा गावाने दिली पाहिजे. स्थानिक पुढाऱ्यांनी जनावरांचा जुना दवाखाना रिकामा करून दिला आणि तिथेच काम सुरू झालं.

खेड्यांतल्या कामासाठी आधी प्रशिक्षित नर्सबाई नेमून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुली, एकट्या राहायला घाबरायच्या, आणि गावालाही त्या परक्या वाटायच्या. गावकऱ्यांना त्यांच्याकडून सुई हवी होती, सल्ला नको होता. मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं. बहुतेक जणी निरक्षर, बऱ्याचशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा या बायका जामखेडला यायच्या, शिकायच्या, रात्री तिथेच राहायच्या. सगळ्या जातींच्या बायकांनी एका पंगतीत जेवायचं आणि एका खोलीत झोपायचं, हाही शिक्षणाचाच भाग होता. सत्तरच्या दशकात हे सोपं नव्हतं.

आता विंधन विहिरींचा प्रसंग. १९७२ चा दुष्काळ, पिण्याच्या पाण्याची बोंब, बोअर घ्यायची यंत्रं आलेली. बोअर कुठे घ्यायची हे पाणी बघणारा तज्ज्ञ ठरवणार. आरोळ्यांनी त्याच्याशी आधीच बोलून ठेवलं की जागा दलित वस्तीतच दाखवायची. त्याने त्याप्रमाणे खुणा केल्या. गावाला पाणी हवं तर हंडा घेऊन दलित वस्तीत यावंच लागणार. ज्यांना विहिरीवर चढू देत नव्हते, त्यांच्या दारात सगळं गाव रांगेत उभं राहिलं. याला आरोग्यसेवा म्हणायचं की नाही? मी म्हणतो, म्हणायचं. आणि रुग्णालयाच्या वाढीच्या हिशेबात हे पाणी कुठल्या रकान्यात लिहायचं, हा माझा खरा प्रश्न आहे.

---

रात्रपाळी

धागा वाचून गप्प बसवेना. मी एका धर्मादाय रुग्णालयात प्रसूती विभागात बरीच वर्षं काम केलं आहे.

माळरान, तुम्ही पाण्याचं लिहिलंत, मी नाळेचं लिहिते. बाळाची नाळ हातात येईल त्या विळ्याने किंवा दगडाने ठेचून कापायची आणि वर शेण किंवा राख लावायची, ही पद्धत कित्येक गावांत होती. त्यातून बाळाला धनुर्वात व्हायचा. तीन-चार दिवसांचं झाल्यावर बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं, जबडा मिटायचा. घरचे म्हणायचे बाहेरची बाधा. असं बाळ रुग्णालयात आणलं तरी वाचवणं महाकठीण. आणि ते न होण्यासाठी काय लागतं? आईला धनुर्वाताची लस, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात. जामखेडच्या आरोग्य सेविका हेच गावोगाव करत आणि शिकवत होत्या.

पण एका मुद्द्यावर मला थांबायचं आहे. या कहाण्या सांगताना लोक रुग्णालयाला बाजूलाच सारतात, जणू सगळं गावातच भागलं. तसं नाही. गावातली बाई दहा बाळंतपणं नीट करते, अकराव्या वेळी मूल आडवं असतं. तेव्हा तिने "जामखेडला न्या" म्हणायचं, आणि जामखेडला गेल्यावर तिथे टेबल तयार पाहिजे, सिझेरियन करणारा डॉक्टर हजर पाहिजे. एकदा जरी तिने पाठवलेली बाई दारातून परत आली, तर गावात त्या सेविकेचा शब्द संपला. पुढच्या वेळी लोक पुन्हा भगताकडे. तिची पत रुग्णालयाच्या दाराशी ठरते.

मी काम करत होते तिथे आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, रात्री-बेरात्री पेशंट घेऊन यायच्या. पेशंट आत घ्यायचा आणि आशाताईला बाहेर बाकड्यावर बसवायचं, अशी रीत होती. तिला काही विचारायचं नाही, सांगायचं नाही. खरं तर कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, आधीचं बाळंतपण कसं झालं, हे सगळं तिलाच ठाऊक असायचं. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांना धड आठवत नाही. मी तिला आत घेऊन केसपेपर भरायला लागले तेव्हा वरून बोलणी बसली, पण माहिती बरोबर मिळायची. जामखेडला त्या सेविका रुग्णालयाच्या घरच्या होत्या, हा फरक मला सगळ्यांत मोठा वाटतो.

---

आकडेमोड

दोघांचंही आवडलं, पण जरा हट्टाने विचारतो. १९७० नंतर बालमृत्यू सगळीकडेच घटले. लसीकरण आलं, रस्ते आले, मुली शाळेत गेल्या. मग घट झाली त्यातली जामखेडची किती आणि काळाची किती? आदर आहे म्हणून प्रश्न टाळू नयेत.

---

माळरान

प्रश्न रास्त आहे. प्रकल्पाची स्वतःची नोंद सांगते की १९७१ मध्ये त्या गावांत बालमृत्युदर हजारी १७६ होता आणि १९९० च्या दशकात तो ३० च्या खाली आला. पण तुम्ही म्हणता तसं, नुसता आधी-नंतरचा आकडा पुरेसा नाही.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकल्पातली गावं आणि त्याच भागातली बाहेरची गावं यांची तुलना आहे. शिक्षण, घरची परिस्थिती वगैरे फरक जमेस धरूनही प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के कमी निघाला. मात्र हे नवजात काळ, म्हणजे पहिले २८ दिवस, सोडून पुढच्या वयाचं आहे. म्हणजे तुमची शंका अर्धी खरी. काळाने बरंच केलं, त्यावर जामखेडने भर घातली, आणि पहिल्या महिन्याचं कोडं वेगळं राहिलं.

---

वनवाट

पहिल्या महिन्याचा विषय निघालाच आहे तर गडचिरोलीला जाऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही आरोग्य संस्था सुरू केली. तिथली रुग्णालयाची गोष्ट मला माळरान यांच्या प्रश्नाचं उत्तरच वाटते.

त्यांनी गोंड लोकांना विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा. उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. मोठी इमारत बघून भीती वाटते, आत वाट चुकते. पेशंटला आत ठेवून नातेवाइकांना बाहेर काढतात, हे नको. आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात. आम्ही तर प्रेत पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो. मग 'सर्च'च्या शोधग्राम या वसाहतीत आदिवासींच्या घरांसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला, जिथे घरचे पेशंटजवळ राहू शकतात. नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, कारण ती त्यांची देवी. देवीच्या जत्रेला लोक जमतात, तेव्हा आरोग्याच्या प्रश्नांवरही बोलणं होतं. वास्तुविशारदाला विचारून हा आराखडा निघाला नसता.

आणि नवजात बाळांचं. गावातल्या बाईला शिकवलं की बाळ जन्मल्यावर श्वास बघायचा, वजन करायचं, उबेत ठेवायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांत हा प्रयोग झाला, शेजारची गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध छापला. तोवर बहुतेक बालरोगतज्ज्ञांचं मत होतं की असं बाळ रुग्णालयातच वाचतं. २०११ पासून सरकारने आशांमार्फत घरोघरी नवजात भेटी सुरू केल्या, त्याचं मूळ इथे आहे.

---

तालुका_सर्जन

रात्रपाळी सिस्टरांच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. मी तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया करतो, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूचं सांगतो.

लहान रुग्णालय वाढतं की मोडतं हे बऱ्याचदा तीन गोष्टींवर ठरतं: भूल देणारा डॉक्टर, रक्त आणि रात्रीचे कर्मचारी. इमारत चौथ्या नंबरवर.

रक्ताचं घ्या. पूर्वी लहान गावांत रक्तस्राव होणारी बाई आली की नातेवाइकांचे रक्तगट तपासायचे, जुळवणी करायची, ताजं रक्त काढून लगेच चढवायचं. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं आणि रक्तपेढ्यांचे परवाने कडक झाले. एचआयव्हीच्या काळात ते गरजेचंच होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याच नियमांत ही थेट देण्याची पद्धतही बेकायदेशीर ठरली, आणि रक्तपेढी तर जिल्ह्याच्या गावी. ग्रामीण सर्जनांच्या संघटनेने यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. रक्त साठवण केंद्रांची सोय पुढे झाली, तरी ती सगळीकडे नाही. मधल्या वर्षांत ज्या बाया वाटेतच गेल्या त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

आता उमेद वाटेल असं सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या कमकुवत भागाला आधार द्यायला जाळी बसवतात, त्या जाळीच्या जागी मच्छरदाणीचं कापड वापरलं. कंपनीची जाळी हजारो रुपयांना, आणि शेतमजुराला ती परवडत नाही, म्हणून सर्जन जाळीशिवाय टाके घालायचे आणि काहींचा हर्निया परत यायचा. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरलं, निकाल नोंदवले, इतर गावच्या सर्जनांना सोबत घेतलं. तुकड्याची किंमत काही रुपये. पुढे आफ्रिकेतल्या देशांतही हे तंत्र वापरलं गेलं, आणि युगांडातल्या चाचणीत स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. माझ्या लेखी ही रुग्णालयाची वाढ आहे. एकही खाट न वाढवता.

---

पेठकर

सगळे मिळून खाटांना फारच नावं ठेवायला लागलात, म्हणून पुण्याचं उदाहरण देतो. रास्ता पेठेतलं केईएम रुग्णालय १९१२ चं. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये तिथे आल्या तेव्हा ते ४० खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्यांच्या कारकिर्दीत ते ५५० खाटांचं सर्वसाधारण आणि शिकवणारं रुग्णालय झालं. त्याच बाईंनी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, १९७७ पासून गावातलेच आरोग्य स्वयंसेवक तयार केले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मिळालं होतं.

तेव्हा शहरात खाटा आणि खेड्यात माणसं, दोन्ही एकाच संस्थेत वाढू शकतात. शहरातलं मोठं रुग्णालय पाठीशी होतं म्हणून वढूचं काम टिकलं, असं मला वाटतं. खाटा वाढवणारे आणि गावात जाणारे हे दोन वेगळे पंथ नाहीत.

---

माळरान

पेठकर, मान्य. कोयाजीबाईंचं उदाहरण या धाग्यात हवंच होतं. माझं म्हणणं खाटांविरुद्ध नाही. खाटा कुणाच्या सांगण्यावरून वाढल्या, हे बघावं एवढंच. वढूच्या गरजा ठाऊक असलेल्या माणसाने पुण्यात विभाग काढला तर तो वेगळा निघतो.

---

लोहखाण

महाराष्ट्राबाहेरचं, पण शेजारचंच एक जोडतो. छत्तीसगडमधलं दल्ली राजहरा, भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोखंडाचं खनिज पुरवणाऱ्या खाणींचं गाव. तिथल्या कंत्राटी खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना बांधली. १९७७ च्या जूनमध्ये पोलीस गोळीबारात ११ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी उभारलेलं शहीद रुग्णालय ३ जून १९८३ ला सुरू झालं. वर्गणी कामगारांची, श्रमदान कामगारांचं. दिवसभर खाणीत खपलेली माणसं पाळी संपल्यावर भिंती उभारायला यायची. सुरुवातीला अवघ्या १५ खाटा. डॉ. विनायक सेन सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक. कामगारांच्या घरातलीच पोरंपोरी आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार झाली आणि रुग्णालयाचं काम पाहू लागली.

जामखेडला गावाने जागा दिली, इथे तर समाजाने सगळंच दिलं. अशा ठिकाणी डॉक्टर गेला तर रुग्णालय बंद पडत नाही, कारण मालक दुसराच असतो.

---

विश्वस्त_नवखा

खूप दिवसांनी इतका उपयोगी धागा वाचला. माझा प्रश्न प्रत्यक्षातला आहे. आमच्या तालुक्याच्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी नुकताच विश्वस्त झालो. तीस खाटा आहेत. एक देणगीदार वरचा मजला बांधून त्यावर दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करायला तयार आहेत, आईच्या नावाने. भावना चांगली आहे, पैसाही चांगला आहे. बहुतेक विश्वस्त खूश आहेत. मी काय विचारायला हवं?

---

तालुका_सर्जन

तीन प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता तिथे कोणता डॉक्टर असेल, नावानिशी. व्हेंटिलेटर चालवू शकणाऱ्या सिस्टर किती आहेत आणि त्या टिकतील असा पगार देणं परवडतं का. आणि ऑक्सिजन, जनरेटर, यंत्रांच्या देखभालीचा दर महिन्याचा खर्च कोण उचलणार. देणगी बहुधा बांधकामाला मिळते, पगाराला मिळत नाही. मजला उभा राहतो आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी जनरल वॉर्डचे दर वाढवावे लागतात. असं होताना मी पाहिलं आहे.

---

रात्रपाळी

माझा एकच प्रश्न. तुमच्याकडून गेल्या वर्षभरात पुढे पाठवलेले पेशंट कशासाठी पाठवले, ते रजिस्टर काढून बघा. प्रत्येक रुग्णालयात ते असतं, कुणी उघडत नाही. त्यात रक्त नाही म्हणून पाठवलेल्या बाळंतिणी जास्त असतील तर तुम्हाला रक्त साठवण केंद्र हवंय. कमी वजनाची बाळं जास्त असतील तर त्यांच्यासाठी वॉर्मर आणि शिकलेल्या सिस्टर. साप चावलेले, विष घेतलेले, छातीत दुखणारे जास्त असतील तर अतिदक्षता विभागाचं बोला. देणगीदारांनाही ते रजिस्टर दाखवा. आईच्या नावाने बाळांचा विभाग झाला तर त्यांनाही आनंदच होईल.

---

कायदेकानून

एक पुरवणी. तुमचं रुग्णालय सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली असेल तर कलम ४१ कक लागू होतं का ते धर्मादाय कार्यालयात विचारून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची असते. खाटा वाढल्या की हाही आकडा वाढतो. नव्या विभागाचा हिशेब मांडताना तो आधीच धरा, नंतर ओझं म्हणून बघू नका.

---

वनवाट

आणि आराखडा पक्का होण्याआधी तुमच्या भागातल्या आशांची एक बैठक घ्या. त्यांना समोर खुर्च्या द्या, चहा द्या, आणि तुम्ही लिहून घ्या. त्या पेशंट तुमच्याकडे न आणता थेट जिल्ह्याला का नेतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

---

विश्वस्त_नवखा

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी मेट्रनबाईंसोबत रजिस्टर काढून बसलो. पूर्ण वर्षाचं व्हायचंय, पण झालं त्यातच दिसतंय की पुढे पाठवलेल्यांत सगळ्यांत जास्त बाळंतिणी आणि त्यांची बाळं आहेत. बऱ्याच नोंदींत कारणाचा रकाना कोरा आहे, तो यापुढे भरायचाच असं ठरवलं. आशांच्या बैठकीसाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र दिलं आहे. देणगीदारांना शनिवारी भेटतोय, रजिस्टरची वही सोबत घेऊन. काय ठरतं ते इथेच लिहीन.